शंभर रुपये रोज

सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात वर्ध्याबाहेरूनही पेशंट येतात. सोबतच्या नातेवाइकाच्या खात्यात मोजकेच पैसे असतात. एखाद्या दुकानात औषधांसाठी क्यूआर स्कॅन करावा, मोबाइलवर पैसे कटल्याचा मेसेज यावा आणि दुकानदाराने सांगावं, 'आमच्याकडे नाही आले.' औषध तर आत्ता हवं. मग उसनवारी. बँकेला विचारलं की उत्तर ठरलेलं: 'थांबा भाऊ, येऊन जातील.'

कधी? याचं उत्तर रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात दिलं आहे.

यूपीआयने एखाद्या माणसाला पैसे पाठवले, खात्यातून कटले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत. दुकानदाराला यूपीआयने दिले असतील, कार्ड स्वाइप केलं असेल किंवा एटीएममधून नोटाच आल्या नसतील, तर मुदत पाच दिवसांची. मुदत टळली की उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. सोमवारी अडकलेले पैसे शनिवारपर्यंत आले नाहीत, तर रविवारपासून मीटर सुरू. आणि ही भरपाई ग्राहकाने तक्रार केली नाही तरी खात्यात जमा झाली पाहिजे, असं परिपत्रकातच लिहिलं आहे.

म्हणजे 'थांबा' हे उत्तर नाही. तारीख सांगणं हे उत्तर आहे.

हा हक्क कुठे चालत नाही, तेही माहीत हवं. चुकीच्या नंबरवर पैसे गेले, तर बँकेच्या हिशेबी तो व्यवहार यशस्वीच. ऑर्डर रद्द केल्यावर विक्रेत्याने रिफंड लांबवला, तर भांडण विक्रेत्याशी. शंभर रुपयांचा नियम अयशस्वी व्यवहाराचा आहे.

ॲपवर 'पेंडिंग' दिसतंय तोवर घाईने पुन्हा स्कॅन करू नका. पहिली रक्कम उशिरा पोचली, तर दोनदा जाते. व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) नंबर लिहून ठेवा. तक्रार ॲपमध्ये आणि बँकेत लेखी करा, तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या. अडकलेल्या पैशांच्या काळजीत असलेला माणूस ठगांना आयताच सापडतो. पैसे परत मिळवायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागणारा चोर समजा आणि फसलात, तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

एवढं सगळं ग्राहकाने पाठ करायचं आणि बँकेने गप्प राहायचं, हे मला मान्य नाही. पेशंटजवळ बसलेल्या माणसाने परिपत्रकं कधी वाचायची? प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक एटीएमवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा: किती दिवसांत पैसे परत येतील आणि त्यानंतर रोज किती देणं लागतो. कर्जाच्या जाहिरातीला भिंतीवर जागा मिळते; ग्राहकाच्या हक्कालाही मिळालीच पाहिजे.