चोर सोडून सगळे

घरफोडीचा अलार्म घरच्याच माणसानं बसवावा, बाहेरच्याला बोलावू नये, असं माझं ठाम मत आहे. ते पैसे वाचवण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ‘स्वतः करावं’ म्हटलं की ऐकणारा लगेच मनातल्या मनात हिशेब मांडतो. पैसे फारसे वाचतही नाहीत. ड्रिल मशीन आणावं लागतं, चुकीच्या जागी पडलेली भोकं झाकावी लागतात, आणि भोकांवर टांगायला कॅलेंडरं तरी किती मिळणार? माझं कारण वेगळं आहे. अलार्मला चोर कळत नाही. त्याला फक्त बदल कळतो: दार होतं तिथं नाही, खोलीतली ऊब इकडची तिकडे सरकली, काच थरथरली. आणि हे सगळे बदल वर्षाचे 365 दिवस घरचीच माणसं करत असतात. म्हणून अलार्ममधला बिघाड शोधायचा म्हणजे आपलं घर नेमकं चालतं कसं हे शोधायचं. ते दोन तासांसाठी आलेल्या, पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन कानाला लावून ड्रिल धरणाऱ्या मुलाला कळावं अशी अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्यायच आहे.

सगळ्यात साधा भाग घ्या, दाराचा चुंबक. चौकटीवर एक काचेची नळी, तिच्यात दोन बारीक पात्या, दारावर चुंबक. दार बंद असेपर्यंत चुंबकाच्या ओढीनं पात्या एकमेकींना चिकटून असतात आणि वीज वाहत राहते. दार उघडलं की पात्या सुटतात, वीज थांबते, पॅनल जागं होतं. ही नळी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवूड यांनी 1936 साली शोधून काढली. तिच्या जोडणीतली खुबी अशी, की वाहती वीज म्हणजे सगळं ठीक आणि वीज थांबणं म्हणजे बातमी. चोरानं वायर कापली तरी वीज थांबते, म्हणजे तीही बातमीच. कुटुंबात राहिलेल्या कोणालाही हे तत्त्व शिकवावं लागत नाही. अखंड बोलणारं माणूस एकाएकी गप्प झालं की काहीतरी घडलंय हे सगळ्यांना कळतं. आता चुंबक आणि नळी यांच्यात साधारण दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. तंत्रज्ञ येतो फेब्रुवारीत आणि दार फुगतं जुलैत. फुगलेलं दार खांदा लावून लोटायचं, मग वरच्या अंगाला किंचित उघडं राहतं, मग खालून एक लाथ, असा त्या दाराचा एक पावसाळी विधी असतो. तो कुठल्याच माहितीपुस्तकात नसतो. घरातल्या पायांनाच ठाऊक असतो. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर आणखी मजा: साध्या चुंबकाची निम्मी ओढ ते लोखंडच खाऊन टाकतं. मधे लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि जोरदार चुंबक लावायचा, एवढाच त्यावर उपाय. पण तो सुचायला अलार्म तीन रात्री वाजावा लागतो, आणि त्या रात्री तंत्रज्ञ त्याच्या घरी झोपलेला असतो.

‘पण जाणकार तो जाणकार,’ हा आक्षेप येणारच. मान्य आहे, आणि 230 व्होल्टच्या जोडणीला घरच्या उत्साही माणसानं हात लावू नये, तिथे वायरमनच हवा. बाकीची यंत्रणा 12 व्होल्टवर चालते, तिथे चुकलं तर जीव जात नाही, अब्रू जाते. शिवाय जाणकाराची घाई काय करते त्याचा पुरावा पॅनलच्या डब्यातच सापडतो. प्रत्येक वायरीच्या शेवटी, म्हणजे लांबच्या सेन्सरपाशी, एक छोटा रेझिस्टर जोडायचा असतो. मधेच कोणी दोन तारा एकत्र जोडून अलार्मला चकवू पाहिलं, तर त्या रेझिस्टरच्या गैरहजेरीवरून पॅनलला लबाडी कळते. घाईतला माणूस तो पॅनलच्या डब्यातच बसवून टाकतो. स्टुलावर चढायला नको, सेन्सर पुन्हा उघडायला नको. हिरवा दिवा लागतो, सही होते, चहा होतो. गावाच्या वेशीवर ठेवायचा राखणदार पाटलाच्या ओसरीवर बसवला, तर दप्तरी सगळं ठीकच दिसणार.

खरी परीक्षा मात्र खोलीतल्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची. पांढऱ्या डबीचा हा प्रकार लोकांना कॅमेरा वाटतो आणि त्याच्यासमोर ते जरा नीट बसतात. त्याला चेहरे दिसत नाहीत, फक्त ऊब दिसते. डबीवरचं खाचांचं प्लास्टिकचं भिंग खोलीचे पट्टे पाडतं, आणि ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की आतला स्फटिक चाळवतो. दीपगृहातला प्रकाश दूर फेकण्यासाठी फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं दोनशे वर्षांपूर्वी जे भिंग घडवलं, त्याचंच हे नातवंड. यातून दोन गोष्टी निघतात. एक, समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारा माणूस सेन्सरला चटकन सापडतो, म्हणून चोर आडवा जाईल असा कोपरा शोधावा लागतो. त्यासाठी गृहस्थानं स्वतःच्या दिवाणखान्यात अंधारात चोरपावलांनी फेऱ्या मारायच्या असतात. यंत्रात त्यासाठी चाचणीची खास सोय असते, घरच्यांच्या चेहऱ्यांसाठी नसते. दुसरी गोष्ट, हा सेन्सर माणसाची ऊब आणि भिंतीची ऊब यांतल्या फरकावर जगतो. कातडीचं तापमान साधारण 33-34 अंश. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला बाहेर पारा 45च्या घरात गेला, की बंद घराच्या भिंतीही कातडीच्या तापमानाच्या सुमाराला येतात, आणि त्या खोलीत चोर जवळजवळ अदृश्य होऊन फिरू शकतो. चांगल्या सेन्सरमध्ये यावर तोड काढलेली असते. ती नसेल, तर विदर्भातल्या चोरानं उन्हाळ्यातच यावं. फक्त त्याला तेवढ्या उकाड्यात काम करण्याची हौस हवी. घरची मंडळी कूलर लावतात, तर कूलरच्या झोतानं पडदा हलतो आणि सेन्सरला पडदा संशयित वाटतो. पालीचं तर बोलायलाच नको. थंड रक्ताची पाल खोलीभर फिरली तरी सेन्सरला तिचं काही नसतं, पण ती थेट भिंगावर येऊन बसली की त्याला भिंतीएवढा दरोडेखोर दिसतो. वायर आत जाते ते भोक बुजवा, नाहीतर पाठोपाठ मुंग्याही येतात. पाल कुठल्या ट्यूबलाइटमागे राहते, किती वाजता निघते, हे तंत्रज्ञाला कोण सांगणार?

यावर शहाणे लोक विचारतात की मग खोटंच वाजणारं यंत्र हवं कशाला? इथे जरा हिशेब करावा लागतो. समजा, घराचं दार दिवसातून चाळीसदा उघडतं. वर्षाला 14,600 वेळा. यंत्र हजारात एकदाच चुकतं असं धरलं तरी वर्षाला चौदा-पंधरा खोट्या हाका झाल्या. चोर दहा वर्षांतून एकदा येतो असं धरा, म्हणजे एका खऱ्या हाकेमागे जवळपास दीडशे खोट्या. यंत्र उत्तम आहे, चोर दुर्मीळ आहे, एवढाच याचा अर्थ. मेंढपाळाच्या पोराला आपण खोटारडा म्हणतो. त्याचा लांडगा दहा वर्षांतून एकदाच येत असेल, ही बाजू कोणी मांडली नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी 2000 सालच्या डिसेंबरपासून नुसत्या अलार्मवर धावणं थांबवलं. आधी कोणीतरी डोळ्यांनी खात्री करा, मग आम्ही येतो, असं ठरवलं. चोर दुर्मीळ असण्याचा प्रश्न धंद्यालाही पहिल्यापासून आहे. 1853 साली मॅसॅच्युसेट्सच्या ऑगस्टस पोप यांनी विजेच्या अलार्मचं पेटंट घेतलं, एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेतले, आणि 1859 साली बॉस्टन सोडून ते न्यूयॉर्कला गेले, कारण तिथे गिऱ्हाईक जास्त, म्हणजे चोरही जास्त. चोरांच्या ओढीनं गाव बदलणारा इतका सज्जन माणूस विरळाच. तेव्हा खोट्या हाका बंद करता येत नाहीत, कमीच करता येतात, आणि त्या कमी करायला चाळीस वेळा दार कोण आणि का उघडतं हे माहीत असावं लागतं. दूध, पेपर, कचरा, मोलकरीण, इस्त्रीवाला, पहाटे चारला प्राणायामासाठी गॅलरीत जाणारे आजोबा. हे वेळापत्रक पॅनलमध्ये भरलं नाही, तर रात्री 45 डेसिबलची मर्यादा असलेल्या वस्तीत शंभरावर डेसिबलचा सायरन रोज पहाटे आजोबांचं स्वागत करतो, आणि चोराआधी आपणच कायदा मोडतो.

घरात शिरल्यावर कोड दाबायला मिळणाऱ्या मुदतीचंही तेच. यंत्रावर ती बहुधा तीस सेकंद ठेवलेली असते. हा आकडा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकटा, हातात एकच बॅग असलेला, किल्ली आधीच काढून ठेवणारा माणूस असावा. लग्नाहून परतणाऱ्या कुटुंबाच्या तीस सेकंदांत चपलाही काढून होत नाहीत. दार उघडलेलं असतं एकानं, कोड माहीत असतो दुसऱ्याला, आणि तो खाली रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलत असतो.

राहता राहिला खरा, कसलेला चोर. तो काय करतो हे ‘मृच्छकटिका’त शूद्रकानं दाखवून ठेवलं आहे. शर्विलक भिंतीला भोक पाडण्यापूर्वी कमळाचं पाडू की स्वस्तिकाचं असा विचार करतो, भाजक्या विटेला पूर्णकुंभाचा आकार शोभेल असं ठरवतो, मापाची दोरी विसरली म्हणून जानव्यानं माप घेतो आणि किडा सोडून दिवा विझवतो. भिंतीला थरथर टिपणारा सेन्सर असता तर कुंभ पुरा व्हायच्या आत सायरन वाजला असता, हे मी मान्य करतो. पण दागिन्यांची पेटी त्याला शोधावी लागलीच नाही. घरातल्याच मैत्रेयानं झोपेत बरळत ती स्वतःच्या हातानं त्याच्या हवाली केली. आजच्या घरात ती पेटी म्हणजे चार आकडी कोड. तो पॅनलशेजारी पेन्सिलीनं लिहिलेला असतो. कोणी काटेकोर निघालाच तर तो खोडून नवा ठरवतो, आणि नवा कोड घरातल्या सगळ्यांना कळावा म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये 127 सदस्य असतात, त्यांतल्या चाळीस जणांना कोणी आणलं हे कोणालाच आठवत नाही, आणि पाच मिनिटांत त्यातले निम्मे खाली अंगठा दाखवून मोकळे होतात.