तराजूबहाद्दर

अमेरिकेतल्या पुष्कळ घरांच्या गॅरेजात मोटार सोडून सगळं काही मावलेलं असतं. त्या पसाऱ्यात भिंतीला बोल्टांनी आवळलेलं एक जाडजूड टेबल असतं आणि रात्रीचं जेवण उरकलं की त्या टेबलाशी एक गृहस्थ येऊन उभा राहतो. हा आपली काडतुसं आपणच भरतो. नेमबाजीच्या मैदानावरून रिकाम्या पितळी पुंगळ्या वाकून वाकून वेचायच्या, धुऊनपुसून लखलखीत करायच्या, तळातला ठिणगी देणारा जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, आत दारू घालायची, वर गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. पैसे वाचावेत म्हणून सुरुवात केली, असं तो सांगतो. यंत्रांची आणि सुट्या भागांची बिलं कुठे ठेवली आहेत ते सांगत नाही. आपल्याकडे हा गृहस्थ सापडायचा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूस बनवणं हा गुन्हा, आणि खडकीला किंवा वरणगावला काडतुसं होतात ती सरकारी कारखान्यात. तिकडे स्वतःच्या वापरापुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. म्हणून कारखान्यातला फोरमन, तपासनीस आणि हमाल या तिन्ही भूमिका हा एकटाच वठवतो, आणि त्यांतली तपासनिसाची भूमिका त्याला फार आवडते.

त्याचं दैवत तराजू. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते चार-पाच ग्रेन. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. सराफी हिशेबात सांगायचं तर १८० ग्रेनांचा तोळा, म्हणजे गुंजेचे पावणेदोनहून किंचित जास्त. तेव्हा दारू भरते अडीच गुंजांच्या आतबाहेर, आणि भरलेलं अख्खं काडतूस होतं साधारण तोळाभर. या अडीच गुंजांसाठी जो सोहळा चालतो तो सराफानंही शिकावा. वाऱ्यानं आकडा हलतो म्हणून पंखा बंद. दार बंद. तराजू तापेपर्यंत थांबायचं, मग प्रमाणित वजन ठेवून त्याची परीक्षा घ्यायची. इलेक्ट्रॉनिक तराजूवर पूर्ण विश्वास नाही म्हणून शेजारी दांडीचा तराजू. दोघांत दशांश ग्रेनाचा फरक पडला की झोप उडते, आणि निवाडा करायला तिसरा तराजू घरात येतो. तो येताच मतभेद दोघांचा असतो तो तिघांचा होतो.

हसू येतं ते या काटेकोरपणाचं नव्हे. बंदुकीची दारू आहे, काटेकोर असायलाच हवं. हसू येतं ते तपासणीचा सगळा पहारा भलत्याच दारावर बसवल्याचं. हा भरतो ते प्रोग्रेसिव्ह प्रेसवर. या यंत्राच्या गोल तबकडीवर चार-पाच पुंगळ्या एकाच वेळी उभ्या असतात, आणि दांडा एकदा ओढला की एकीचा प्रायमर बदलतो, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते. तासाला चारशे-पाचशे काडतुसं सहज निघतात. दारू घालणारं माप तिचं वजन करत नाही; एक पोकळी भरते आणि रिकामी होते, एवढंच. आता असं माप चुकतं ते दोन तऱ्हांनी. एक चूक सरकत जाणारी: स्क्रू ढिला झाला, डब्यातली दारू खाली गेली, हादऱ्यांनी ती दबून बसली, की प्रत्येक पुंगळीत थोडं कमीजास्त पडू लागतं. दर दहावी किंवा विसावी पुंगळी काढून तोलली तर ही चूक बिनचूक सापडते, कारण ती पुढच्या प्रत्येक पुंगळीत असते. दुसरी चूक एकटीदुकटी असते. एखाद्या पुंगळीत दारू पडतच नाही, किंवा दोनदा पडते. आधीच्या नऊ आणि नंतरच्या नऊ अगदी चोख असतात. दर दहावी तोलणाऱ्याला ही एक सापडण्याची शक्यता दहात एक.

आणि हात-डोळे घालवते ती ही दुसरीच. दारू पडलीच नाही तर नुसता प्रायमर गोळीला ढकलून नळीत अडकवतो. आवाज होतो फुस्स, आणि त्या फुस्सकडे दुर्लक्ष करून मागून दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. दोनदा पडली तर काय होतं ते सांगायला नको. उलट दशांश ग्रेन म्हणजे चारात अडीच टक्के. हस्तपुस्तिका सांगतात की कमाल भरतीच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर चढा. म्हणजे जो पुस्तकाबरहुकूम वागतो त्याच्या पदरी अशा दशांशांची शिल्लक असतेच. दुप्पट भरतीला कुठलीच शिल्लक पुरत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

यावर त्याचं म्हणणं असं की कमाल भरतीच्या टोकावर दशांशही महाग पडतो. खरं आहे. पण मग जिथे दशांशावर हातपाय अवलंबून आहेत त्या टोकावर भराभर चालणाऱ्या यंत्रावर तासाला पाचशे भरायला कुणी सांगितलंय? दुसरं म्हणणं त्याहून हुशारीचं: शेवटी प्रत्येक तयार काडतूस तोलून पाहतो की. इथे तराजूच त्याच्यावर उलटतो. मैदानावरून वेचलेल्या पुंगळ्या निरनिराळ्या कारखान्यांच्या, सुमारे साठ ग्रेनांच्या, आणि त्यांच्या आपापसातल्या वजनात कित्येक ग्रेनांचा फरक. गोळीही थोडीफार कमीजास्त. तोळाभराच्या काडतुसात जड पुंगळी आणि गायब दारू यांची बेरीज अगदी सभ्य दिसू शकते. चार ग्रेनांची चोरी त्या गर्दीत खपून जाते, आणि तराजूवर मात्र तिन्ही आकडे हिरवेगार.

सगळ्यात मौजेची गोष्ट पुढेच आहे. दुप्पट भरती होते केव्हा? हात तालात चालू असताना सहसा होत नाही. होते ती खंड पडल्यावर. प्रायमर अडकला, फोन वाजला, आतून कुणी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला सांगितलं. डिलन कंपनीच्या ५५० या यंत्रात तबकडी हातानं फिरवावी लागते. फिरवली की नाही याचा विसर पडला आणि दांडा पुन्हा ओढला, की त्याच पुंगळीत दुसरा हप्ता. आणि या सगळ्या व्यत्ययांत सर्वांत नियमित व्यत्यय कोणता, तर तपासणी! दर दहाव्या पुंगळीला हा थांबतो, पुंगळी काढतो, दारू पारड्यात ओततो, चष्मा सावरतो, आकडा वहीत लिहितो, दारू परत ओततो, पुंगळी परत ठेवतो आणि मग विचारात पडतो की आपण कुठे होतो. रोगाचा संसर्ग डॉक्टरच घरोघर पोचवतोय.

असे अपघात झाले की दोष कुणाचा, यावर या मंडळींत एक जुना आणि रसाळ वाद आहे. .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, काळ्या दारूच्या काळात बेतलेलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. निशाण्याच्या सरावासाठी तिच्यात जलद जळणारी आधुनिक दारू घालतात तीन ग्रेनांच्या आसपास. तळाशी कुठेतरी पडलेली असते, दुप्पट घातली तरी पुंगळी भरत नाही. अशा हलक्या भरतीनं एखादं रिव्हॉल्व्हर फुटलं की एक पक्ष सांगतो, कमी दारूचा काही गूढ स्फोट होतो. दुसरा पक्ष विचारतो, दुप्पट पडली नव्हती हे कशावरून? आपला तराजूबहाद्दर अर्थातच गूढवादी. त्याच्या वहीत प्रत्येक दहावं वजन लिहिलेलं आहे. चूक माणसाची असणं शक्यच नाही, निसर्गाची असणार.

रिकामी किंवा दुप्पट भरती पकडणारी यंत्रं निघाली आहेत आणि त्यानं ती घेतलीही आहेत. डिलनची दारू-तपासणी भलत्या पातळीवर बीप करते, आरसीबीएस कंपनीची लॉक-आउट डाय दांडाच अडवून धरते. ही यंत्रं दशांश ओळखत नाहीत, ढोबळ चूक ओळखतात. म्हणजे नेमकं हवं ते करतात. म्हणूनच त्याचा त्यांच्यावर राग. इतक्या जाड बुद्धीच्या वस्तूवर भरवसा कसा ठेवायचा? त्याहून जाड बुद्धीचा उपाय म्हणजे गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावणं. यंत्रावर दिवा लावायचा आणि पाहायचं: पातळी नेहमीची आहे, रिकामं आहे, की काठोकाठ. त्यातही फुगीर दारू निवडली, जिची दुप्पट पुंगळीबाहेर सांडेल, तर चूक स्वतःच टेबलभर पसरून कबुली देते. पण डोकावण्याची नोंद वहीत करता येत नाही. ‘पाहिलं, ठीक होतं’ असं पाचशे वेळा कोण लिहिणार?

त्याचा तराजू खरा शोभतो तो रायफलच्या काडतुसाला. पुंगळीचा गळा अरुंद, आत नीट दिसत नाही. दारू चाळीस-पंचेचाळीस ग्रेन, काड्यांसारखी, मापात अडणारी. लांबच्या निशाण्यासाठी एकेक भरती तोलणाऱ्याला कुणी हसू नये. मात्र .३०८ सारख्या काडतुसात एवढी दारू दुप्पट मावतच नाही, त्यामुळे तराजू जिथे सर्वांत उपयोगी तिथे दुप्पट भरतीची भीती सर्वांत कमी. हे त्याला दाखवून दिलं तर तो मान डोलावतो. खंड पडला की तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून दारू डब्यात परत ओतावी आणि नव्यानं सुरुवात करावी, हेही पटतं. पैशाचंही नुकसान नाही. पण चारशे सत्त्याण्णवावं काडतूस झालेलं असतं, झोपण्याआधी पाचशेचा आकडा गाठायचा असतो, आणि दांडा कुठवर ओढला होता ते त्याला बहुतेक नक्की आठवत असतं.