दारात समुद्र, पाय कोरडे

"अगं, जरा इकडे ये बघू कुंपणापाशी. त्या पलीकडच्या घरात सकाळी सकाळी एवढा गलका कसला चालला होता? मी आपली कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते, तर एकदम हसणं काय, टाळ्या काय!"

"आज सोमवार ना काकू! ब्राझीलहून त्यांच्या मधल्याचा व्हिडिओ कॉल असतो. आजी-आजोबा, आत्या, झाडून सगळी जमतात."

"ब्राझीलला नोकरी लागली त्याला? अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही फोटोत."

"नोकरी कसली! मिशनवर गेलाय. मॉर्मन मंडळी ना ती. तसं म्हटलेलं आता त्यांना आवडत नाही हं. २०१८ साली त्यांच्या प्रमुखांनीच सांगितलं, चर्चचं पूर्ण नाव घ्या म्हणून. पण ते नाव घेऊन होईपर्यंत आपल्या कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. तर १८ पूर्ण झाली की मुलगे दोन वर्षांसाठी बाहेर पडतात. २०१२ पर्यंत १९ची अट होती. मुलीही जातात, दीड वर्षासाठी. त्यांच्यावर तेवढा दाब नसतो. मुलांवरही कागदोपत्री सक्ती नाही, पण या युटात राहून 'मी नाही जाणार' म्हणायला छाती लागते."

"आणि ब्राझील त्यानेच निवडलं?"

"छे हो! अर्ज आपण करायचा, देश वरून ठरतो. पूर्वी पोस्टाने जाडजूड पाकीट यायचं, आता ईमेल येतो. पण तो उघडायचा सोहळा काय विचारता! अंगणभर माणसं, भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येकाने आपल्या अंदाजाची टाचणी टोचायची. आमच्या ह्यांनी जपानवर टोचली होती. निघालं रेसिफे, ब्राझीलच्या ईशान्येला, समुद्रकाठी. पोर एका जागी उड्या मारतंय आणि आई हसता हसता डोळे टिपतेय."

"बरं, खर्च चर्चचा?"

"कुठला! महिना ५०० डॉलर, घरून. जपानसारख्या महागड्या देशात गेला तरी तेवढेच आणि ब्राझीलला गेला तरी तेवढेच, सगळ्यांचे एकत्र करून वाटतात. दोन वर्षांचे झाले १२,००० डॉलर, वर सूट-बूट निराळे. हा शाळेत असताना उन्हाळाभर लोकांच्या अंगणातलं गवत कापायचा ते त्यासाठीच. आमचंही कापलंय त्याने."

"म्हणजे पदरचे पैसे मोडून परक्या दारात जायचं आणि तिथे 'नको, पुढे जा' ऐकून यायचं!"

"आणि तेही सगळं घड्याळाच्या काट्यावर. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथ आणि पोर्तुगीजचा अभ्यास, की पडले बाहेर. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी. पाटीवर पहिलं नाव नसतंच. 'एल्डर' आणि पुढे आडनाव. १८ वर्षांच्या पोराला एल्डर! सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींशी जवळीक नाही. साडेदहाला दिवे बंद."

"आमच्या वेळची वेदपाठशाळा बरी म्हणायची."

"त्याहून कठीण म्हणजे जोडीदार. एकट्याने कुठे जायचंच नाही. दोघं कायम बरोबर, न्हाणीघर सोडलं तर एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. आणि जोडीही वरून लावून मिळते. दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, त्यात जोडीदार बदलला तर सुटलात, नाहीतर पुढचे सहा आठवडे तोच. याचा पहिला जोडीदार साओ पाउलोचा. तो घोरायचा, आणि हा उशीखाली डोकं घालून झोपायचा. भांडण झालं तरी उठून बाहेर जायची सोय नाही, कारण बाहेर जायचं तर त्यालाच बरोबर न्यायला हवं."

"हे बाकी चांगलं आहे. लग्नाआधी प्रत्येक मुलाला द्यावं हे शिक्षण."

"माझं मत विचाराल तर त्या दोन वर्षांतला खरा ऐवज तेवढाच. बायबल काय, घरी बसूनही वाचता येतं. इथे याला मोजे वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा कंटाळा होता. तिथे आठवड्याचा सुटीचा दिवस सोमवार, त्यात अर्धा दिवस कपड्यांत जातो. मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं असतं, कडेला खरखरीत उतरता कट्टा. तिथे उभा राहून कॉलर घासतो. आईला कॅमेऱ्यात काखेतला पिवळा डाग दाखवून विचारतो, हा कशाने जातो? तिला काय कळणार, तिने जन्मात हाताने शर्ट धुतलेला नाही. ती माझ्याकडे आली विचारायला!"

"लिंबू चोळून उन्हात टाक म्हणावं."

"तेच सांगितलं. आणि गंमत ऐका, तिथे दार वाजवतच नाहीत. घराला आधी फाटक. तिथे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आतून कुणीतरी डोकावेपर्यंत. भर दुपारी दोन पोरं टाय लावून टाळ्या वाजवतायत आणि गल्लीतली कुत्री भुंकतायत. डोकावलेला माणूस आधी काय करतो? कॉफी विचारतो. तिथे पाहुण्याला कॉफी म्हणजे आपल्याकडचा चहाच. आणि यांच्या धर्मात चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य. म्हणजे पहिल्याच वाक्याला यजमानाला नाही म्हणायचं आणि दुसऱ्या वाक्याला, आमचं ऐका!"

"मग ऐकतं का कुणी?"

"थोडेच. पण ब्राझील त्यातल्या त्यात बरं, दहा लाखांवर सभासद आहेत तिथे यांचे. तीच माणसं दुपारी जेवायला बोलावतात, डाळ-भातासारखं राजमा-भात. त्यावरच पोरं उभी आहेत. फ्रान्सला गेलेल्यांचे हाल. तो रॉम्नी नाही का, २०१२ साली ओबामांविरुद्ध उभा होता? तोही तरुणपणी अडीच वर्षं फ्रान्समध्ये दारं वाजवत होता. फ्रेंच माणसाला वाइन सोड म्हणून सांगायचं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा-पांढरा सोड म्हणण्यापैकी."

"मला एक सांग, आपल्याकडेही मिशनरी आलेच की. मिरजेला वानलेस डॉक्टर आले, पण त्यांनी शस्त्रक्रिया करून माणसं जगवली. तिथे बरा होऊन आलेला मनुष्य आमच्या घरातही होता. या पोराला काय येतं? ना औषध, ना इंजेक्शन. अठराव्या वर्षी दुसऱ्याचा देव बदलायला निघायचं, हे काही मला पटत नाही बाई."

"मलाही नाही पटत. मी त्याच्या आईला एकदा तोंडावर विचारलंसुद्धा. रागावली नाही. म्हणाली, तो कुणाच्या घराच्या विटा वाहतो, कुणाचं कपाट उचलतो, संध्याकाळी फुकट इंग्रजी शिकवतो, तेही धर हिशेबात. मी म्हटलं, धरलं. पण शेवटी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा किती जणांना दिला, हे कॉलवर आजोबा विचारतातच."

"विचारणारच. बरं, समुद्रकाठी आहे म्हणालीस, तर पोहून तरी येतो का?"

"पोहायला बंदी! मिशनरीने पाण्यात उतरायचं नाही, नियम आहे. तसे रेसिफेच्या किनाऱ्यावर शार्कपासून सावधान म्हणून फलकही आहेत, पण याचं कारण शार्क नाही, नियम."

"अगो बाई! दारात समुद्र आणि पाय भिजवायचे नाहीत? आमच्या वेंगुर्ल्याच्या पोराला ठेवा असं, तिसऱ्या दिवशी पळून येईल."

"वेंगुर्ल्यावरून आठवलं. मागे ती फोटो घेऊन आली, मुलाने पाठवलेला. लाल-पिवळं फळ, टोकाला बी लोंबतेय. म्हणे, हे विचित्र काय आहे? याचा रस पितो रोज."

"बोंडू!"

"बोंडूच! मी तिला सांगितलं, हे काजूचं झाड तुझ्या मुलाच्या ब्राझीलमधूनच पोर्तुगीजांनी आमच्याकडे गोव्यात आणलं. तिचा विश्वास बसेना. फेणीचं मात्र नाही सांगितलं."

"बरं केलंस. मीठ लावून खा म्हणावं, घशाला खवखवत नाही. काय गं, आणि ते समोरच्या घरातलं पोरगं, तोही गेला होता ना? मग इथे कसा दिसतो?"

"हळू बोला. पाच महिन्यांत परत आला. मन थाऱ्यावर नव्हतं, झोप उडाली होती. दोन वर्षं पुरी करून येणाऱ्यांना घ्यायला सॉल्ट लेकच्या विमानतळावर अख्खं खानदान फलक आणि फुगे घेऊन जातं. नवा विमानतळ बांधला तेव्हा या गर्दीसाठी म्हणून मोठं दालनच ठेवलं त्यांनी. आणि हा आला तो रात्री, एकटा बाप घ्यायला गेला. दुसऱ्या दिवसापासून बायका बटाट्याचं कॅसरोल घेऊन दारात. एका हाताने भांडं द्यायचं आणि डोळ्यांनी घरभर शोधायचं. आता तो घरी राहून सेवेचं मिशन करतो, तशी सोय आहे. लोकांच्या तोंडाला मात्र सोय नाही."

"अठरा वर्षांचं लेकरू ते. आजारी पडलं तर घरी नाही यायचं, तर कुठे जायचं? मी देते उद्या शिऱ्याची वाटी नेऊन, आणि डोकावणार नाही कुठे."

"द्या. त्या मानाने ही आई सुखी. हिचा थोरला २०१६ साली गेला, तेव्हा वर्षातून दोनच फोन, नाताळला आणि मदर्स डेला. दर आठवड्याला फोन सुरू झाला २०१९च्या फेब्रुवारीत."

"आणि या मधल्याची ती मैत्रीण? कोपऱ्यावरच्या घरातली. ती थांबणार होती ना दोन वर्षं?"

"काकू, हे तुमच्या-माझ्यात. परवा सोडाच्या दुकानापाशी गाडीत बसली होती. शेजारी मुलगा, कोरियाहून नुकताच मिशन संपवून आलेला."

"मग या पोराला कोण सांगणार?"

"ती स्वतःच ईमेल करेल. तसे ईमेल फार जातात."

"म्हणजे सोमवारी वाचेल बिचारा, आणि रडायला एकांत नाही. घोरणारा बसलाय समोर."

"मला तर निरोपाच्या दिवशीच शंका आली होती. सगळे डोळे पुसतायत, आणि ही माझ्या समोशांची तिसरी खेप घेतेय."

"समोसे चांगले झाले असतील गं."