पत्ता पक्का, रस्ता कच्चा

१९७२ साली आलेल्या ६ आकडी पिनकोडने पत्र फार तर गावच्या पोस्टापर्यंत आणून सोडलं; आता टपाल खात्याच्या १० अक्षर-अंकी ‘डिजिपिन’ने अख्खा देश सुमारे ४ बाय ४ मीटरच्या चौकोनांत वाटून टाकला आहे. म्हणजे गोठ्यातल्या म्हशीलाही स्वतंत्र पत्ता! मुंबईच्या ४० मजली टॉवरमध्ये मात्र एकावर एक राहणाऱ्या साऱ्या बिऱ्हाडांचा कोड एकच, कारण चौकोन जमिनीवर आखलेत, मजल्यांवर नाहीत. आडवळणाच्या वस्तीवर रुग्णवाहिका बोलवायला कोड कामी येईल, असं समर्थक म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण अक्षांश-रेखांश कळल्याने खडी पडत नाही. पावसाळ्यात पाणंद चिखलात गेली, की रुग्ण नेमका कुठे अडकलाय, हे ४ मीटरपर्यंत अचूक सांगता येईल. प्रगती ती एवढीच.