सोफा बाहेर, गौर आत

गोदेला पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीला विचारतात. गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? आमच्या घरातल्या बायकांचं वयही दर श्रावणात असंच मोजलं जातं. फक्त ते माप गुडघ्याच्या वर जात नाही.

2019 च्या श्रावणात पाणी मारुतीच्या गळ्याच्याही वर गेलं, आणि त्याच श्रावणात आमच्याकडे नव्या सुनेची पहिली मंगळागौर आली. सकाळी 16 प्रकारची पत्री वाहून झाली, रात्री जागरण. जुन्या वाड्यात माजघर सारवलं की रिंगण तयार व्हायचं. फ्लॅटमध्ये आधी सोफा बाहेर काढावा लागतो. त्याच्यामागोमाग आम्ही पुरुषही निघालो आणि लिफ्टसमोर, चपलांची राखण करीत, त्याच सोफ्यावर ओळीने बसलो. आत झिम्मा सुरू होता, सूप नाचत होतं. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन वर आले. आम्ही जरा सरकलो, तसे तेही बसले.

आई आणि आत्या म्हणजे भावजय-नणंद. आजीच्या तांब्याच्या घंगाळावरून दोघींत जो अबोला पडला, तो वर्षातून एकदाच, मंगळागौरीच्या रात्री रजेवर जातो. फुगडीला दोघींनाही दुसरी कुणी चालत नाही. हातांची फुली घालायची, पावलांना पावलं भिडवायची आणि अंग मागे झोकून द्यायचं. जीव खाऊन एकमेकींपासून लांब ओढायचं, पण हात सोडायचा नाही. त्याचा सराव दोघींना वर्षभर असतोच म्हणा.

त्या वर्षी आत्याचा गुडघा नवाकोरा होता. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फुगडीचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मध्यरात्र उलटल्यावर आतला गलका एकाएकी थांबला, म्हणून मी दाराच्या फटीतून डोकावलो. दोघी रिंगणात उभ्या. हातांची फुली, अंगं मागे रेललेली, पावलं मात्र जागच्या जागी. तोंडाने पकवा चाललेला, लय वाढत चाललेली, भाताच्या पातेल्यावर झाकण थडथडावं तशी. नवी सून बावरून इकडेतिकडे बघत होती.

"वहिनी, जरा हळू," डोळे मिटून आत्या म्हणाली.

आई तसूभरही हलली नव्हती.