पुढचा मिनी कधी येणार? भाकीत शिकणाऱ्यांसाठी पहिले पुस्तक

ठाण्याचे बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. तिथून काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत भिवंडीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे. मुंबईत ३० जून २०१७ पर्यंत जकात होती, या बाजूच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नव्हती, म्हणून व्यापाऱ्यांनी माल इथे उतरवायची सवय लावून घेतली. पुढे जकात गेली, जीएसटी आला, लोक घरबसल्या वस्तू मागवू लागले आणि भातशेतीच्या जागी आणखी गाळे उभे राहिले. तेव्हा नवा टॅबलेट कधी येणार याचे भविष्य सांगायला शिकायचे तर, माल जिथे उतरतो त्या कशेळीइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे नवशिक्याला वाटते. त्याची पहिली चूक हीच. खोक्यात काय आहे ते गोदामातल्या स्कॅनरला कळते, खोके उचलणाऱ्याला कळतेच असे नाही. आणि पुढल्या वर्षीच्या खोक्यात काय असेल ते स्कॅनरलाही कळत नाही. महागडा माल तर जाळीच्या आत, कॅमेऱ्याखाली ठेवतात. तिथे तुम्हाला कोणी उभे करणार नाही. तुमची शाळा रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीवर आहे.

साहित्य फार लागत नाही. अर्ध्याहून कमी चार्ज असलेला फोन, एक कटिंग आणि ऐकणारा माणूस. ऐकणारा गरजू हवा. ‘सहज विचारतोय’ म्हणणाऱ्यावर शिकू नये. ‘मुलगी दहावीला गेली, टॅब घ्यायचाय’ असे म्हणणारा गाठावा.

विषय निवडताना मात्र थोडे डोके चालवा. मोठ्या, महागड्या ‘प्रो’ टॅबलेटच्या वाटेला जाऊ नका, तिथे जाणकारांची गर्दी फार. अ‍ॅपल कंपनीचा छोटा आयपॅड मिनी आणि साधा, बिनविशेषणाचा आयपॅड, ही दोन भावंडे नवशिक्यासाठी उत्तम. त्यांच्याकडे कंपनीचेच लक्ष कमी असते. सप्टेंबर २०१५ मध्ये मिनी ४ आला तो कार्यक्रमातल्या ओझरत्या उल्लेखाने, आणि त्यानंतर थेट मार्च २०१९ पर्यंत मिनीला कोणी हात लावला नाही. ‘मिनी आता बंद होणार’ म्हणणारे आणि ‘या दिवाळीला नक्की येणार’ म्हणणारे, दोघांचाही धंदा साडेतीन वर्षे सुरळीत चालला.

प्रत्यक्ष टॅबलेटला हात घालण्यापूर्वी मेट्रोवर हात बसवावा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणात झाले. तेव्हापासून कशेळीतल्या प्रत्येक माणसाने निदान एकदा तरी गाडी सुरू होण्याची तारीख सांगितली आहे, आणि ती चुकली म्हणून इथे कोणाची इज्जत गेलेली नाही. भाकीत करणाऱ्याला असाच समाज लागतो.

आता मुहूर्त. टॅबलेटचा मुहूर्त कॅलिफोर्नियात ठरतो, पण तो आपल्या पंचांगात बसवून घेतला की लक्षात राहतो. पहिला मिनी २३ ऑक्टोबर २०१२ ला जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी दसरा. दुसरा २०१३ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. तिसरा १६ ऑक्टोबर २०१४, तोही दिवाळीला आठवडा असताना. चौथा गणपतीच्या आधी. पाचवा तेवढा होळीच्या आठवड्यात आला, १८ मार्च २०१९ ला. सहावा १४ सप्टेंबर २०२१, म्हणजे गौरी-विसर्जनाच्या दिवशी, आणि सातवा १५ ऑक्टोबर २०२४, कोजागिरीच्या आदल्या दिवशी. सातातले सहा गणपती जवळ आल्यापासून दिवाळीपर्यंतच्या टप्प्यातले. तेव्हा कोणी विचारले तर डोळे किंचित मिटून ‘सणासुदीला’ म्हणा. वर्ष सांगू नका. वर्ष सांगणारा फसतो.

साध्या आयपॅडचे पंचांग वेगळे. २०१७ आणि २०१८ मध्ये तो मार्चात, पाडव्याच्या आगेमागे आला. मग चार वर्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात. २०२३ आणि २०२४ कोरडी गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा मार्च. इथे ‘पाडवा नाहीतर दिवाळी’ म्हणावे. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन झाले, आणखी काय पाहिजे?

तारखेनंतर लोक विचारतात, आत काय असेल. इथे जाणकार घाबरवतात, पण साध्या आयपॅडचे सगळे रहस्य वजाबाकीत आहे. त्याला मिळणारी चिप आयफोनने आधी वापरून झालेली असते. २०१७ च्या आयपॅडमध्ये ए९ होती, २०१५ च्या आयफोनची. २०१८ मध्ये ए१०, २०१६ ची. २०१९ मध्ये तर तीच ए१० पुन्हा, फक्त पडदा थोडा मोठा. २०२० मध्ये ए१२, २०१८ ची. २०२१ मध्ये ए१३, २०१९ ची. २०२२ मध्ये ए१४, २०२० ची. २०२५ मध्ये ए१६, जी आयफोन १४ प्रोमध्ये २०२२ साली आली होती. म्हणजे ज्या साली प्रश्न विचारला त्यातून दोन वजा करा, त्या वर्षीचा आयफोन आठवा आणि उत्तर द्या. कंपनी फारच निवांत असली तर तीन वजा करा. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीच्याच सॉफ्टवेअर कोडमधून पुढल्या साध्या आयपॅडला ए१८ मिळणार असल्याची बातमी फुटली, तेव्हा जगभर खळबळ झाली. ए१८ ही २०२४ च्या आयफोनची. दोन मिळवा. वजाबाकी येणाऱ्याला त्यात खळबळण्यासारखे काही नव्हते.

मिनीला हा नियम लागू करू नका, तो जरा लाडका आहे. सहाव्या मिनीला ए१५ मिळाली ती त्याच दिवशी जाहीर झालेल्या आयफोन १३ बरोबर. सातव्याला ए१७ प्रो मिळाली, आयफोन १५ प्रोनंतर वर्षभराने.

पण चिप तीच असली तरी माल तोच नसतो, आणि हे भिवंडीकराला शिकवावे लागत नाही. यंत्रमागावरच्या ताक्यात तपासणीला दोष सापडला की तो फेकून देत नाहीत, ‘फ्रेश’मधून काढून ‘सेकंड’मध्ये टाकतात आणि भाव उतरवून विकतात. चिपच्या कारखान्यातही सगळ्या चिपा सारख्या उतरत नाहीत. एखाद्या चिपेतला एक कोर नीट चालत नसेल तर तो बंद करून ती खालच्या मालात बसवायची, ही त्या धंद्याची जुनी रीत. आयफोन १५ प्रोच्या ए१७ प्रोमध्ये ग्राफिक्सचे सहा कोर होते, मिनीत आले पाच. आयफोन १४ प्रोच्या ए१६ मध्ये प्रोसेसरचे सहा आणि ग्राफिक्सचे पाच, तर २०२५ च्या आयपॅडात पाच आणि चार. टपरीवर हे सांगितलेत की समोरचा माणूस लगेच मान हलवतो, आणि मग त्याला आणखी काहीही पटवता येते.

पडदा आणि डिझाइन याबाबत एकच सूचना: ओएलईडी म्हणा. मिनीला ओएलईडी पडदा येणार, ही बातमी कोरियातल्या पडद्यांच्या कारखान्यांकडून आणि अमेरिकेतल्या बातमीदारांकडून गेली काही वर्षे येतच राहिली. कधी ना कधी ती खरी ठरेल, आणि त्या दिवशी ‘मी आधीच सांगितले होते’ म्हणायला तुम्ही मोकळे.

कंपनीच्या शब्दावर मात्र विसंबू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी तिमाही निकालांच्या कॉलवर सात इंची टॅबलेटची टर उडवली होती; असल्या टॅबलेटबरोबर सँडपेपर द्यावा लागेल, म्हणजे लोकांना बोटे घासून बारीक करता येतील, अशा अर्थाचे ते बोलले होते. दोन वर्षांनी कंपनीने ७.९ इंची मिनी काढला. सँडपेपर खोक्यात नव्हता. उलट कंपनी गप्प असते तेव्हा ती जास्त बोलते. ऑक्टोबर २०१४ मध्ये कार्यक्रमाच्या आदल्याच दिवशी तिच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत मिनी ३ चे चित्र छापून आले. म्हणजे सगळ्यात मोठी बातमीफुटी ही वापरणाऱ्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून झाली. हे पुस्तक गांभीर्याने घ्यावे, एवढ्यासाठी सांगितले. त्या मिनी ३ मध्ये नवे काय होते? बोटाचा ठसा ओळखणारे बटण आणि सोनेरी रंग.

किमतीचे भाकीत करताना नवशिके हमखास घसरतात, कारण ‘छोटा’ आणि ‘स्वस्त’ हे त्यांना एकच वाटते. सातवा मिनी भारतात ४९,९०० रुपयांना जाहीर झाला. त्याहून मोठ्या पडद्याचा साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना. लहान घ्यायचा तर पंधरा हजार जास्त. हे समोरच्याला पटत नाही. पटवायच्या भानगडीत पडू नका. साधा आयपॅड २०२२ मध्ये ४४,९०० रुपयांना आला होता आणि मे २०२४ मध्ये ३४,९०० वर उतरला. म्हणजे किंमत नवा माल येताना कमी झाली नाही, जुना पडून राहिला तेव्हा झाली. हे गोदामाशेजारी राहणाऱ्याला सांगायला नको.

दिल्लीलाही विसरू नका. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉप आणि टॅबलेटच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले आणि दुसऱ्याच दिवशी ते पुढे ढकलले. कोणत्याही जाणकाराच्या भाकितात ते नव्हते.

अंदाज चुकला तर काय करायचे, हा शेवटचा आणि खरा महत्त्वाचा धडा. मिंग-ची कुओ हे या विद्येतले मोठे नाव. त्यांनी २०२० मध्ये सांगितले होते, ८.५ ते ९ इंचांचा मिनी २०२१ च्या पहिल्या सहामाहीत येईल. आला सप्टेंबरात, ८.३ इंचांचा. पुढचा मिनी २०२३ च्या अखेरीस किंवा २०२४ च्या पूर्वार्धात येईल असे ते म्हणाले. आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. तरीही लोक त्यांना वाचतात, आणि वाचावे, कारण टॅबलेट आला तर खरा. ‘येणार’ हे बरोबर असले की ‘कधी’ आणि ‘केवढा’ माफ होते.

पण ‘येणार’च चुकू शकते, हे महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत ‘आकाश’ हा जगातला सगळ्यात स्वस्त टॅबलेट म्हणून दिमाखात निघाला. योगायोगाने त्याच तारखेला तिकडे जॉब्स गेले. आकाशचा पडदा बोट रुतवल्याशिवाय ऐकत नव्हता. सुधारणेचे काम पवईच्या आयआयटीकडे, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे आले, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला ‘आकाश २’ निघाला, विद्यार्थ्यांसाठी ११३० रुपयांना. लगेच आकाश ३ ची चर्चा, मग आकाश ४ ची वैशिष्ट्येही कागदावर तयार. तो वर्गात पोहोचायच्या आधी योजनाच थांबली. आकाश ४ ची वाट पाहत थांबलेले विद्यार्थी एव्हाना नोकरीला लागले असतील.

तेव्हा टपरीवर ‘थांबू का?’ असे विचारले तर शिकाऊ माणसाने नेहमी ‘थांबा’ म्हणावे. घेतला की गिऱ्हाईक संपले, थांबला तर उद्या पुन्हा चहा पाजतो. विचारणारा खरोखरच दहावीच्या मुलीचा बाप असेल तर तेवढ्यापुरते पुस्तक मिटा आणि सरळ सांगा: अभ्यासाला मोठा पडदा बरा, आणि स्वस्तही तोच आहे. दोन-तीन वर्षांमागची चिप पीडीएफ उघडायला पुरते. साधा आयपॅड घ्या, शाळा सुरू व्हायच्या आत घ्या, आणि पक्के बिल मागून घ्या.