मालिकेवर रीतसर कसं चिडावं

मालिका नुसती बघणं हे नवशिक्याचं लक्षण. मुरलेला प्रेक्षक मालिकेवर चिडतो, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. रविवारी, महाएपिसोडच्या दिवशी, तर सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत संताप पुरवून वापरावा लागतो. सातच्या मालिकेतच सगळा घसा खर्च करून बसलेल्या माणसांनी, साडेआठला नायिका पिशवी भरून घर सोडताना चक्क जांभई दिलेली आहे. तशी वेळ येऊ नये म्हणून थोडी पद्धत शिकून घ्यावी.

तयारी सकाळीच करावी. आठवड्यात लग्न, पाहुणे किंवा गेलेली वीज यांच्यामुळे हुकलेले भाग मोबाइलवर उरकून घ्यावेत. मात्र मोबाइलवर चिडू नये. तिथं दृश्य दहा-दहा सेकंद पुढे ढकलायची सोय असते, आणि ज्याला पुढे ढकलता येतं त्याला खरा संताप येत नाही. संताप येण्यासाठी खलनायिकेचा चेहरा तीन बाजूंनी, तीन वेळा, ढोलाच्या ठोक्यासकट पाहावाच लागतो.

संध्याकाळी सोफ्याचं टोक आणि रिमोट ताब्यात घ्यावा. समोर ‘मी काही असलं बघत नाही’ म्हणणारा एक माणूस बसवावा. बहुतेक घरांत हे पद सासऱ्यांकडे किंवा नवऱ्याकडे असतंच. ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात आणि तासभर पान उलटत नाहीत. त्यांना उठू देऊ नये. ऐकायला कुणी नसेल तर चिडण्याला चव येत नाही.

सुरुवात ‘च्च’ने करावी. ‘च्च’ हा या विद्येतला षड्ज. तो लागला की पुढचे सूर आपोआप लागतात: ‘बघ, बघ आता’, ‘बोल ना गं, तोंडात काय गुळणी धरलीस?’ आणि सर्वांत वरचा, ‘मी म्हटलंच होतं!’ हा शेवटचा सूर लावण्यासाठी आधी खरोखर काही म्हटलेलं असण्याची गरज नाही.

दाराआडची बाई हे प्रकरण वेगळं. घरातली दोन माणसं आयुष्यातलं सर्वांत मोठं गुपित दार सताड उघडं ठेवून बोलतात आणि दाराआड नेमकी तीच उभी असते. अशा वेळी प्रेक्षकाने पडद्याकडे बोट करून ‘अगं, मागे बघ!’ असं ओरडायचं असतं. नायिका मागे बघत नाही. बघितलं असतं तर मालिका गुरुवारीच संपली असती. एखादं पत्र सापडलं तर तेही कुणी तिथल्या तिथं उघडून वाचत नाही. ते आधी उशीखाली जातं, मग कपाटात, मग नको त्या हातात. प्रेक्षकाने पत्राचा पत्ता न चुकता ध्यानात ठेवावा, कारण तो लेखकाच्या ध्यानात राहीलच असं नाही.

यापुढची पायरी हिशेबाची, आणि इथं मराठी प्रेक्षकाने जी प्रगती केली तिला तोड नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ 2013 साली सुरू झाली तेव्हा नायिका जान्हवीला एकदम सहा सासवा मिळाल्या म्हणून लोक हरखले. नवऱ्याला उद्देशून ‘काहीही हं, श्री’ हे तिचं पालुपद कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पोहोचलं. तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्रासारखं मंगळसूत्र तिच्याच नावानं मागितलं जाऊ लागलं. पण पुढे तिला दिवस गेले आणि ते जाता जाईनात. निसर्गाने ठरवून दिलेली मुदत कधीच उलटून गेली, फोनवर विनोदांचा पूर आला, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरी कुणी बाळंतीण नव्हतं अशा बायकाही बोटं मोजू लागल्या. यातून धडा असा की गोड बातमी कळताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने फुली मारावी. पेनाने मारू नये. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर पुन्हा उतरवून घ्यावी लागते.

हिशेबाची आवड असणाऱ्याने ‘चार दिवस सासूचे’कडेही वळावं. हे चार दिवस 2001मध्ये सुरू झाले आणि 2013मध्ये संपले, तोवर तीन हजारांवर भाग झाले होते. पहिल्या भागाच्या सुमारास जन्मलेलं मूल शेवटच्या भागाला पाचवी-सहावीत गेलं असेल. रोहिणी हट्टंगडींची आशालता आणि कविता लाडची अनुराधा यांच्यावर अकरा वर्षं न थकता चिडलेल्या माणसांना या क्षेत्रात ज्येष्ठ मानायला हवं. आजचा प्रेक्षक दोन वर्षांतच दमतो.

कलाकार बदलला की काय करावं, याचा पाठ ‘माझ्या नवऱ्याची बायको’ने घालून दिला. त्यातली नवऱ्याची प्रेयसी शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर झाली, मग पुन्हा रसिका सुनील. त्या नवऱ्याला, गुरुनाथला, यातलं काहीच कळलं नाही, पण त्याला तसंही फारसं कळत नसे. प्रेक्षकाने मात्र नवा चेहरा आला की पहिला आठवडा ‘ही नाही बाई शोभत’ म्हणावं, दुसऱ्या आठवड्यात गप्प राहावं आणि जुना चेहरा परत आला की ‘मधलीच बरी होती’ म्हणावं. क्रम चुकवू नये.

चाणाक्ष नजर असेल तर पार्श्वभूमीवरही चिडता येतं. एप्रिल 2021मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि कित्येक मालिका गोव्याला गेल्या. काल हॉलमध्ये भांडणारी कुटुंबं आज माडांखाली भांडू लागली. कथेत कारणं दिली गेली, पण चाहत्यांना ती पटवून घेण्यात रस नव्हता. मागे समुद्र असताना कुणी इस्टेटीसाठी कसं भांडेल, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो रास्त होता. मे महिन्यात गोव्यानेही चित्रीकरण थांबवलं.

जाहिराती हा विश्रांतीचा काळ. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं, वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती धरून. बारा मिनिटांत कुकर लागतो, भाजी फोडणीला पडते आणि शेजारणीला फोन करून ‘बघितलंस का गं?’ एवढं विचारून होतं. पोळ्या मात्र जाहिरातीत करायला घेऊ नयेत. तव्यावर पोळी आणि पडद्यावर थप्पड एकाच वेळी आली तर करपते पोळीच.

आता एक कटू माहिती. एवढ्या चिडण्याचा उपयोग काय होतो? वाहिन्यांचं नशीब टीआरपीवर, टीआरपी बार्क या संस्थेकडे, आणि तिचे मीटर देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांतल्या टीव्हींना जोडलेले. कार्यक्रमाच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं, आणि टीव्हीपुढे कोण कोण बसलंय हे घरच्यांनी बटण दाबून सांगायचं. म्हणजे मीटर ऐकतं खरं, पण मालिकेचं. सोफ्यावरून ‘बंद करा ही मालिका’ म्हणून कुणी कितीही ओरडलं तरी गुरुवारच्या आकड्यांत त्याची नोंद ‘एक प्रेक्षक, शेवटपर्यंत बसून होता’ अशीच होते. हे कळल्यावर काही चाहते दोन दिवस खिन्न झाले. तिसऱ्या दिवशी मालिकेत कोर्टाची तारीख होती, मग इलाज नव्हता.

अधूनमधून खूश होण्याचीही मुभा आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’तले राणा आणि पाठकबाई, म्हणजे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, डिसेंबर 2022मध्ये खरोखर लग्नाच्या बेडीत अडकले, तेव्हा अनेक घरांत वधूपक्षाचा आनंद होता आणि ‘मी म्हटलंच होतं’ यावेळी खरं होतं. ‘रात्रीस खेळ चाले’ने कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांना सुरुवातीलाच मारलं आणि दुसऱ्या पर्वात मागच्या काळात नेऊन जिवंत उभं केलं, तेव्हाही कुणी खुसपट काढलं नाही. उलट लोक सिंधुदुर्गातल्या आकेरीला जाऊन मालिकेतल्या वाड्यापुढे फोटो काढून आले. अण्णांवर जन्मभर चिडलेली माणसंच त्यात पुढे होती.

साडेदहाला ‘पुढील भागात’ सुरू होतं. ते उभ्यानं पाहावं, म्हणजे आपण उठलोच होतो असं म्हणता येतं. ‘उद्यापासून बंद’ ही घोषणा दिवा मालवताना करावी. नंतर अंधारात दोन मिनिटं थांबावं.

‘अहो, ते पत्र तिनं वाचलं असेल का हो?’

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला कूस बदलल्याचा आवाज येतो.

‘कुठलं? उशीखालचं की कपाटातलं?’